आठवी ब आणि अकरा महिन्यांचा वेढा

माझी आत्या चोवीस वर्षं इतिहास शिकवते आहे आणि अजूनही तिला तो खरा वाटतो. बाकीच्यांचं तसं नसतं. बाकीच्यांना इतिहास म्हणजे दहावीपर्यंत कशीबशी पार करायची एक खिंड वाटते. आत्या मात्र जेवताना मध्येच घास थांबवून म्हणते, "बिचाऱ्यांना निरोपच वेळेवर पोचला नाही गं." आपण विचारतो, कोणाला? तर साडेचारशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुठल्या तरी घोडदळाला. आपण भाजी वाढून घेतो. अशा वेळी माणसाने दुसरं काय करावं?

मी खोक्यांच्या कारखान्यात खोकी आखायचं काम करते. पंखे, बूट, औषधं, मिक्सर. जगात जे काही विकलं जातं ते आधी माझ्या खोक्यात बसतं, आणि विकत घेणारा माणूस घरी गेल्यावर सगळ्यात आधी माझं काम फाडतो. त्यामुळे माझा स्वभाव शांत झाला आहे. आत्याला मी उपयोगी पडते ती या शांतपणामुळे नाही, पुठ्ठ्यामुळे.

भानगड सुरू झाली ती आठवीच्या पुस्तकातल्या एका ओळीवरून. तटबंदी असलेलं एक शहर, बाहेर शत्रूचं सैन्य, आणि पुस्तकात त्याबद्दल एवढंच: 'अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर धान्य संपल्यामुळे शहर शरण आले.' पुढच्या ओळीत लगेच करपद्धती सुरू.

"अकरा महिने एका ओळीत कोंबलेत," आत्या मला म्हणाली. "तू तरी खोक्यात एवढं कोंबशील का?"

"पाच पदरी पुठ्ठा असेल तर बघते."

"दात काढू नकोस. मला चाळीस पत्ते कापून दे. तळहाताएवढे."

मी कापून दिले. कारखान्यात कातरणीचा ढीग पडलेलाच असतो. आत्याने प्रत्येक पत्त्यावर तीन ओळी लिहिल्या: तू कोण, तुझ्याकडे काय, तुला भीती कशाची. 'तू दरवान. तुझ्याकडे किल्ली. तुला भीती झोपेची.' 'तू शत्रूच्या छावणीतली आचारीण. तुझ्याकडे मोठं पातेलं. तुला भीती, त्यात काय टाकायचं याची.' पत्ते लिहायला तिला तीन आठवडे लागले, कारण ग्रंथालयातल्या एका जाडजूड, पाठ फाटलेल्या पुस्तकात जे सापडेल तेवढंच ती लिहायची. पाणक्याच्या पखालीत किती पाणी मावतं हे सापडेना म्हणून पाणक्या दोन दिवस कोराच होता. मी म्हटलं, "टाक ना अंदाजे." तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी आजोबांच्या फोटोला मिशा काढल्या होत्या.

खेळाच्या आठवड्यात वर्गातले चार जण तापाने घरी होते. उरले एक्केचाळीस. पत्ते चाळीस. मग एक मुलगा घोडा झाला. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. "बाई, आम्ही मुलाला इंग्लिश सुधारावं म्हणून या शाळेत घातलं, आणि तो घरी येऊन सांगतो मी घोडा आहे."

"चांगला घोडा आहे हो," आत्या म्हणाली. "शहरात तेवढा एकच उरलाय."

वडील जरा सुखावून गेले. एकच म्हटलं की लोकांना बरं वाटतं.

आता आठवी अ बद्दल सांगायला हवं. अ ला इतिहास शिकवायचे नोट्सवाले सर. त्यांच्या नोट्स प्लॅस्टिकमध्ये मढवलेल्या होत्या आणि ते त्या विरामचिन्हांसकट सांगायचे. "वेढ्यानंतर, स्वल्पविराम नाही, धान्य संपल्यामुळे शहर शरण आले, पूर्णविराम, पुढची ओळ." त्यांच्या वर्गाला दरवर्षी पैकीच्या पैकी गुण मिळायचे. माणूस वाईट नव्हता. कोणाचं कधी एक वाक्य त्यांनी वाकडं होऊ दिलं नाही, एवढंच.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. त्यांनी आत्याला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "खेळा. पण या घटक चाचणीत ब ची सरासरी अ च्या खाली गेली, तर खेळ कपाटात आणि तुम्ही सरांच्या नोट्स सांगायच्या. यंदापासून, कायमच्या."

आत्याच्या निवृत्तीला नऊ वर्षं होती. नऊ वर्षं 'स्वल्पविराम नाही' म्हणत काढायची. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणाले, "ताई, सोपं आहे की मग. नुसतं वाचायचं." त्यानंतर ती दोन दिवस बाबांशी बोलली नाही.

खेळ सोमवार ते शनिवार चालला. दर तासाला वेढ्याचे दोन महिने. शनिवारी एकच, कारण शनिवारी शाळाच अर्धी असते. वर्गाच्या मधोमध खडूची रेघ, ती तटबंदी. रेघेच्या अलीकडे सव्वीस जण शहरात, पलीकडे पंधरा छावणीत. आत्या रोज घरी यायची ती डोळ्यांत दिवे लावूनच. "अगं, लोहाराने आज नांगराचे फाळ वितळवायला नकार दिला! म्हणाला, वेढा उठल्यावर पेरणार कशाने? चौदा वर्षांचं पोर गं! मी शिकवलं नव्हतं हे."

आणि गुरुवारी, सातव्या महिन्यात, शत्रूचं सैन्य उठलं आणि घरी निघून गेलं.

छावणीतल्या आचारिणीने संप पुकारला होता. ही मुलगी म्हणजे टिटवी. आवाजावरून पडलेलं नाव. पातेलं पालथं घालून ती सेनापतीला म्हणाली, "आता काय शिजवू? तुमचा तंबू?" सेनापतीने तंबू गुंडाळला. वेढा उठला, वर्गाने टाळ्या वाजवल्या, आत्यानेही वाजवल्या. शुक्रवार-शनिवार मुलांनी शहराची डागडुजी केली. मलाही तेव्हा वाटलं, किती छान.

मग चाचणी झाली. प्रश्न होता: 'शहर शरण का आले? (गुण ४)'

चाचणीनंतरच्या शनिवारी मला सुट्टी होती. पुढच्या खेळासाठी कापलेले पुठ्ठे द्यायला मी शाळेत गेले आणि केबिनबाहेरच्या बाकावर बसले. दार उघडं होतं. आत मोठ्या बाईंच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला नोट्सवाले सर.

मोठ्या बाई वाचत होत्या. "'शहर शरण आलेच नाही. शत्रूच्या आचारिणीने संप केल्यामुळे वेढा उठला.'" पान उलटलं. "'शहर जिंकले.'" पान उलटलं. "'शहर शरण आले असे पुस्तकात म्हटले आहे पण मी तिथे होतो.'" चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. हसल्या की काय ते मला बाकावरून दिसलं नाही. "आणि हे बघा. 'मधल्या सुट्टीत नळावर दरवान व आचारीण यांच्यात तह झाला.' बाई, त्या काळी मधली सुट्टी होती?"

आत्या ते उत्तर बघायला टेबलावर वाकली.

पंचेचाळीसपैकी चौघांनी बरोबर लिहिलं होतं. हे चौघे म्हणजे तापाने घरी होते ते.

"तुम्ही शून्यं दिलीत," मोठ्या बाई म्हणाल्या. "एक्केचाळीस शून्यं. निदान प्रयत्नाचे दोन दोन गुण…"

"नाही," आत्या म्हणाली. "घडलं नाही ते घडलं म्हणून लिहिलंय. शून्य."

"पण तुम्ही शिकवलंत तेच लिहिलंय ना मुलांनी?" सर म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"म्हणूनच चूक माझी. पण गुण त्यांचे." मग ती मोठ्या बाईंकडे वळली. "खेळ चुकला. कुठे चुकला तेही आत्ता कळलं, तुम्ही वाचलंत तेव्हा. मी भिंत बांधली आणि तिला मधली सुट्टी ठेवली. आतल्या मुलीने नळावर बाहेरच्या मुलीला विचारलं, तुमच्याकडे काय उरलंय? ती म्हणाली, काही नाही. मग ही म्हणाली, आमच्याकडेही नाही, मग आपण बसलोय कशाला? झालं! पाच मिनिटांत वेढा संपला. त्या खऱ्या माणसांना असा नळ मिळाला नव्हता. मला तो बंद करायला हवा होता."

मी चोवीस वर्षांची होईपर्यंत कोणाला स्वतःची चूक इतक्या उत्साहाने सांगताना पाहिलं नव्हतं. आमच्या कारखान्यात चूक सांगायची झाली तर आधी यंत्राचं नाव घेतात, मग वीज मंडळाचं.

मोठ्या बाईंनी बराच वेळ गठ्ठ्यावर बोटं वाजवली. शेवटी म्हणाल्या, "एका पानावर एवढी शून्यं लावून मी निकाल वर पाठवू शकत नाही. त्यांना वाटेल शाई सांडली. दोन आठवड्यांनी फेरचाचणी. दोन्ही वर्गांची. प्रश्न सर काढतील, तपासतीलही सरच. अट तीच."

सर म्हणाले, "मी एक प्रश्न जास्तीचा घालीन. पुस्तकाबाहेरचा नाही, पण पुस्तकातल्या शब्दांत न मावणारा. म्हणजे कळेल तरी, ब ला खेळ कळलाय की इतिहास."

"घाला," आत्या म्हणाली. "मलाही कळू दे."

बाहेर आल्यावर तिने माझ्या हातातले पुठ्ठे घेतले नाहीत. म्हणाली, "हे राहू दे. मला भिंत पाहिजे."

"कसली?"

"बसलेल्या मुलाला पलीकडचं दिसू नये एवढी उंच. खिडकीपासून दारापर्यंत."

आता, माझ्या नशिबाने त्याच महिन्यात आमच्याकडे कपडे धुण्याच्या यंत्रांची दीडशे खोकी नापास झाली होती. छपाईवाल्याने 'ही बाजू वर' लिहिलेला बाण उलटा छापला होता. म्हणजे अक्षरं सरळ आणि बाण जमिनीकडे. अशा खोक्यावर विश्वास ठेवून कोणी यंत्र उभं केलं असतं तर ते डोक्यावर उभं राहिलं असतं. मी फोरमनकडे गेले.

"चाळीस खोकी न्यायची आहेत."

"कशाला?"

"तटबंदीला."

फोरमन बावीस वर्षं खोक्यांत आहे. त्याने मान वर केली नाही. "पाच पदरी ने. तीन पदरी तटबंदी कोपऱ्यात दबते."

अशा रीतीने साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या शहराभोवती नवी भिंत उभी राहिली, तिच्यावर दर दोन फुटांवर 'नाजूक माल, सांभाळून हाताळा' असं लिहिलेलं होतं आणि वर कुठे आहे ते दाखवणारा बाण खाली होता. मी आणि शिपाईमामांनी रविवारी ती चिकटपट्टीने जोडली. शिपाईमामा म्हणाले, "शत्रू आला तर वाचून तरी परत जाईल."

सोमवारी कारखान्यातून अर्धा दिवस मागून मी थांबले, भिंत पडते की काय ते पाहायला. आत्याने पूर्वीचेच पत्ते वाटले. जो दरवान होता तो दरवान, जो घोडा तो घोडा. तापातून उठलेल्या चौघांना तटावरचे पहारेकरी केलं.

"शहर पडणार आहे," तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. "हे सगळ्यांना माहीत आहे. का पडलं, ते मला शनिवारी सांगायचं. तुम्ही वाचवलंत, तरी चालेल. पण मग तुमच्याकडे असं काय होतं जे त्यांच्याकडे नव्हतं, ते सांगावं लागेल. आणि नियम एकच. भिंतीपलीकडच्या माणसाशी सहा दिवस बोलायचं नाही. वर्गात नाही, नळावर नाही, रस्त्यात नाही."

"फोनवर?" टिटवीने विचारलं.

"त्यांच्याकडे होता?"

"बाई, पण बघणार कोण?" दरवान म्हणाली. ही टिटवीची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच गल्लीतून रोज बरोबर यायच्या.

"कोणीच नाही," आत्या म्हणाली. "बोलायचं तर बोला. फक्त मग आपण त्या शहरात नसू, आठवी ब मध्ये असू. तिथे आपण एरवी असतोच."

मला वाटलं होतं, दुपारपर्यंत नियम मोडेल. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी टिटवीच्या आईचा आत्याला फोन आला. "बाई, हिला काही झालंय का हो? तीन दिवस ही गप्प आहे. आम्ही डॉक्टरकडे नेलंही, पण तिथे ती बोलायला लागली म्हणून परत आणलं." शेजारच्या इमारतीतून म्हणे दरवान खिडकीत येऊन उभी राहायची आणि ही आपल्या खिडकीत. दोघी एकमेकींकडे पाहायच्या आणि पडदा लावून घ्यायच्या.

गुरुवारी, आठव्या महिन्यात, घोडा संपला. शहराच्या पंचांनी मतदान घेतलं, सोळा विरुद्ध तेरा. घोड्याला मत नव्हतं. आत्याने त्याला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. मेल्यानंतर त्याने भूगोलाचा गृहपाठ पूर्ण केला.

शनिवारी मी पुन्हा गेले. अकरावा महिना. शहराच्या बाजूला मुलं दबक्या आवाजात बोलत होती. एवढी भांडकुदळ पोरं, पण त्या सकाळी कोणी कोणाचं वाक्य तोडत नव्हतं. कोठारवाल्याने दोन्ही हात उलटे करून दाखवले. पाणक्या म्हणाला, माझ्या गल्लीत आता पाणी घ्यायला कोणी येत नाही. लोहाराने या खेपेला फाळ वितळवून टाकले होते. मतदान झालंच नाही, सगळ्यांनी नुसतं दरवानाकडे पाहिलं. ती उठली, चिकटपट्टी ओढून काढली आणि एक खोकं बाजूला सरकवलं.

पलीकडे छावणीतली मुलं उभी होती. सगळ्यांची दप्तरं पाठीवर. चटया गुंडाळलेल्या. टिटवीच्या हातात ते पातेलं, त्यात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्या.

"कुठे निघालात?" दरवानाने विचारलं. सहा दिवसांतला दोघींमधला हा पहिला शब्द.

"घरी," टिटवी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी वाटलं दुसरंच कोणी बोललं. "आम्हाला काल हुकूम आला. आज संध्याकाळी उठणार होतो."

पंचेचाळीस मुलं एकदम गप्प झाली. पंखा फिरत होता तोही उगाच आवाज करतोय असं वाटायला लागलं. शिपाईमामा जिन्यावरून धावत आले. त्यांना वाटलं, शाळा सुटली आणि घंटा द्यायची राहिली.

आत्याने ते पाठ फाटलेलं जाड पुस्तक उघडलं आणि छावणीतल्या एका कारकुनाने लिहून ठेवलेल्या तीन ओळी वाचल्या: "तंबू आवरले होते. संध्याकाळी निघायचे होते. तेवढ्यात दरवाजा उघडला." पुस्तक मिटलं. तास संपायला बारा मिनिटं होती. ती बारा मिनिटं तिने त्यांना दिली. समजावलं नाही, तात्पर्य सांगितलं नाही, फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. मी भिंतीच्या टोकाला उभी होते, आणि मला कळलं की ही बाई गेली चोवीस वर्षं त्या तीन ओळी पोटात घेऊन आमच्या शेजारी बसून जेवते आहे. घास थांबतो तो यामुळे. आपण भाजी वाढून घेतो.

सोमवारी फेरचाचणी झाली. आठवी ब ने शाळेतल्या सगळ्या पुरवण्या संपवल्या. मग शिपाईमामांनी मागच्या वर्षीच्या कोऱ्या हजेरीपटाची पानं फाडून दिली.

पुढचे चार दिवस आत्याने घरातली सगळी कपाटं आवरली. बाबांनी विचारलं, "ताई, कसं होईल?" ती म्हणाली, "पहिला प्रश्न जमेल. पण तू मला स्वल्पविराम म्हणताना ऐकून घे, आतापासून सवय होऊ दे." आणि खरंच तिने भाजीच्या यादीत सुद्धा स्वल्पविराम म्हणायला सुरुवात केली. "कांदे, स्वल्पविराम, लसूण." बाबा हसायचे थांबले तेव्हा मला कळलं, ती गंमत करत नाहीये.

शुक्रवारी निकाल होता. मी सुट्टी टाकली. कारण विचारलं तर फोरमनला म्हटलं, "वेढ्याचं काम आहे." त्याने सही केली.

केबिनमध्ये सर दोन गठ्ठे घेऊन आले. दाढी केलेली नव्हती. मोठ्या बाईंनी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "पहिला प्रश्न तोच होता, शहर शरण का आलं. अ ला सगळ्यांना चार. ब ला सगळ्यांना चार. त्या आचारिणीने सुद्धा 'धान्य संपल्यामुळे' असं लिहिलंय. पुढे कंसात लिहिलंय, 'आमचेही संपले होते पण हे त्यांना माहीत नव्हते'."

"आणि दुसरा?"

दुसरा प्रश्न सरांनी स्वतः वाचून दाखवला. "'वेढ्याच्या काळात शहरात राहणाऱ्या कोणत्याही एका माणसाबद्दल लिहा.'" मग ब चा गठ्ठा जवळ ओढला. "ब च्या उत्तरपत्रिका तपासायला मला तीन दिवस लागले. हा एक जण आहे, घोडा. त्याने त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराबद्दल लिहिलंय. 'तो स्वतःच्या वाट्यातले अर्धे मला द्यायचा. आठव्या महिन्यात तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. पुढचे मला माहीत नाही कारण पुढे मी नव्हतो.'" सरांनी कागद खाली ठेवला. "माहीत नाही म्हणून लिहिलं नाही. बाई, पहिल्या खेपेला हाच मुलगा लिहून गेला होता की शहर जिंकलं. मी याला सव्वाचार देणार होतो. नियमात बसत नाही."

"अ चं काय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

सरांनी दुसरा गठ्ठा पुढे केला. "अ मधल्या चव्वेचाळीस मुलांनी दुसऱ्या प्रश्नाला लिहिलंय, 'धान्य संपल्यामुळे शहर शरण आले.'"

"पण प्रश्न तर माणसाबद्दल…"

"हो. चव्वेचाळीस जणांनी. एकाने वर रेघ मारून तेच दोनदा लिहिलंय, चार गुण आहेत म्हणून. शब्द तेच, पूर्णविराम तिथेच." त्यांनी वरचं पान सरळ केलं. "मी शून्यं दिली आहेत. कोणी मला सांगितलं नाही तरी दिली असती. यांनी एक्केचाळीस दिली तेव्हा मी इथेच बसलो होतो ना."

मोठ्या बाईंनी सरासरी काढलीच नाही. कागदावर दोन ओळी लिहून खाली सही केली आणि कागद आत्याकडे सरकवला. खेळ चालू राहील असं त्यात होतं. एरवी आत्या अशा वेळी नाचली असती. आमच्या घरात ती क्रिकेटच्या टॉसलाही नाचते. पण तिने कागद न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकला आणि हात पुढे केला.

"तो अ चा गठ्ठा मला जरा देता?"

"कशाला?" सर म्हणाले. "सगळ्या सारख्याच आहेत हो."

"असतील. तरी बघते."

ती तिथेच खुर्चीवर बसून एकेक पान वाचायला लागली. वाचायला काय होतं त्यात? तीच ओळ. पण तिने एकही पान झटकन उलटलं नाही. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं, सरांनी नखं पाहिली, मी केबिनच्या दारात उभी राहून मोजायचा प्रयत्न केला आणि एकोणतीसवर चुकले. पुढे कुठेतरी ती थांबली. पान खिडकीकडे धरलं, तिरकं केलं, चष्मा कपाळावर सरकवून नाकाजवळ नेलं.

"ही मुलगी कोण?"

सरांनी नाव पाहिलं. "ही? ही शेवटच्या बाकावरची. कधी तोंड उघडत नाही. का?"

"हिने तुमची ओळ लिहिली. मग पुढे आणखी काही लिहिलं आणि खोडलं. चांगलं गिरवून खोडलंय. पण बघा, दाबून लिहिलेलं मागून वाचता येतं. 'शरण आले. पण मग त्यांच्यातल्या कोणाला…' आणि मग नुसती काट."

सर उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. वाकून पाहिलं. "कोणाला काय?"

"मला काय माहीत? तुमची विद्यार्थिनी आहे. विचारा ना तिला."

"आता? आता तिचा गणिताचा तास असेल."

आत्याने नुसतं पान त्यांच्या हातात दिलं. सर ते घेऊन उभे राहिले. चोवीस वर्षं शेजारच्या वर्गात शिकवणारा हा माणूस. मी त्यांना कधी पायऱ्या घाईने चढताना पाहिलेलं नाही. तेही त्या दिवशी घाईने गेले नाहीत. पण दाराबाहेर पडल्यावर त्यांनी कोट नीट केला, आणि मग आम्हाला वऱ्हांड्यातून त्यांचा आवाज ऐकू आला. गणिताच्या बाईंची माफी मागत होते.

"दोनच मिनिटं द्या, बाई. हं, शेवटचा बाक. उभी नको राहूस गं, बसूनच सांग. हे तू काय खोडलंस?"

उत्तर आलं असेल तर ते केबिनपर्यंत पोचलं नाही. आत्या खुर्चीच्या काठावर येऊन बसली होती, मान दाराकडे, श्वास रोखून. आणि मोठ्या बाई, ज्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या वर्गाकडे कान लावला नव्हता, त्यांनी हात लांब करून हळूच पंखा बंद केला.